नातवंडांशिवाय प्राणिसंग्रहालय

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची मागच्या महिन्यातली बैठक. विषय एकच, पुढची सहल कुठे काढायची. अष्टविनायक दोनदा झाले, आळंदी-देहू आम्हा चिंचवडकरांना अंगणातलंच, प्रतिशिर्डी झाली, नारायणपूरही झालं. मी हात वर केला (शाळेची सवय, अजून जात नाही) आणि म्हटलं, "कात्रजचं प्राणिसंग्रहालय बघायला जाऊ या का?"

सगळे हसले. अगदी मनापासून हसले. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, आमची नातवंडं न्यू जर्सीत. घेऊन कोणाला जायचं?" दुसऱ्या एक म्हणाल्या, "माझा नातू डिसेंबरात येतोय, तेव्हा बघू." आणि चर्चा भीमाशंकरकडे वळली.

हसण्याचा राग आला नाही. २०१९ च्या आधी मीही हसलेच असते. नुसती हसलेही नसते, आतून थोडी खट्टू झाले असते. ते का, हेच आज लिहायचं आहे. लेकीला विचारूनच लिहिते आहे. तिने परवानगी दिली, पण "आई, फार गोड करून लिहू नकोस" अशी ताकीदही दिली.

आधी थोडं आमच्या दोघांविषयी. हे भोसरीच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या टूलरूममध्ये होते, मी शाळेत. आमच्या या पट्ट्यात राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांना ठाऊक नसतं की इथल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. सगळीकडची वीज एकाच दिवशी मोकळी राहू नये, भार वाटला जावा, म्हणून एमआयडीसीला वेगळा वार. शाळेची सुट्टी रविवारी. त्यामुळे ह्यांचा गुरुवार आणि माझा रविवार यांची गाठ तीस वर्षांत पडली ती फक्त दिवाळी-दसऱ्याला, आणि ते दिवस कोणाचे असतात हे बायकांना विचारा. गुरुवारी मी शाळेतून येईपर्यंत ह्यांनी रेशन, गिरणी, गॅसचा नंबर ही कामं उरकलेली असत. रविवारी मी वह्या तपासत असे तेव्हा हे फर्स्ट शिफ्टला. तक्रार नाही हो, आजूबाजूच्या सगळ्याच घरांत तेच होतं. पण दोघांनी मिळून निवांत काढलेला एक दिवस, असा हिशेब मांडला तर हाताची बोटंही जास्त होतील.

आता प्राणिसंग्रहालयाचं. मी त्या बाबतीत अनुभवी समजायला हरकत नाही. शाळेच्या सहलीबरोबर पेशवे पार्कला दहा-बारा वेळा तरी गेले असेन. पर्वतीच्या पायथ्याशी माधवराव पेशव्यांनी १७७० च्या सुमारास खाजगी शिकारखाना ठेवला होता, त्याच परिसरात पुणे महानगरपालिकेने १९५३ मध्ये हे प्राणिसंग्रहालय सुरू केलं. १९५६ पासून तिथे फुलराणी धावत होती. मुलं वाघापेक्षा फुलराणीसाठी जीव टाकायची. जागा सारी सात एकर, पिंजरे लहान, लोखंडी गज, आणि तो उग्र वास. २००५ मध्ये ते बंद झालं आणि प्राणी कात्रजला गेले. जवळचं म्हणून आमच्या संभाजीनगरच्या सर्पोद्यानालाही मुलांना नेलं आहे, तेच पुढे निसर्गकवी बहिणाबाई चौधरी प्राणिसंग्रहालय झालं आणि मध्यंतरी नूतनीकरणासाठी बराच काळ बंद होतं.

पण खरं सांगते, या सगळ्या खेपांत मी एकही प्राणी पाहिलेला नाही! मी पाहिली ती मुलांची डोकी. मागून. बासष्ट निघाली, बासष्ट पोचली, फुलराणीत बसली एकसष्ट, मग पळापळ, मग एक जण नळाखाली डोकं धरून उभा सापडला, झाली बासष्ट. वाघ डावीकडे होता की उजवीकडे, मला विचारू नका.

आमच्या लेकीला घेऊन आम्ही तिघं एकदा गेलो होतो, दसऱ्याच्या सुट्टीत. ती ह्यांच्या खांद्यावर बसली आणि मी पिशवी सांभाळली. तिला तो दिवस लख्ख आठवतो. मला पिशवीतला डबा सांडलेला आठवतो.

लेक मोठी झाली, लग्न झालं. जावई चाकणच्या एका कंपनीत इंजिनीअर होते, कंपनीने त्यांना सिंगापूरला पाठवलं आणि ती दोघं तिकडेच राहिली. मूल झालं नाही. यावर मी इथे याहून जास्त लिहिणार नाही. नातेवाईक वाचतात, त्यांना जेवढं माहीत आहे तेवढं पुरेसं आहे, आणि ज्यांना वाटतं की अजून काही उपाय राहिलाय, त्यांनी कृपा करून तो मला फोनवर सांगू नये.

तर ही दोघं फोनवर बोलताना अधूनमधून म्हणायची, "आज झूला गेलो होतो." महिन्या-दोन महिन्यांनी एकदा तरी. वर्षाचा पासच काढून ठेवला होता त्यांनी. मी "हो का, छान" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर माझ्या घशात आवंढा यायचा. मनात चित्र असं, की सगळीकडे लोकांची पोरं बागडतायत, आणि आमची ही दोघं त्यांच्याकडे बघत उभी आहेत. नात्यातल्या एक बाई (वाचत असतील तर त्यांनी रागावू नये) मला म्हणाल्याही होत्या, "बघ बाई, जिवाला काहीतरी विरंगुळा हवाच ना." मला ते पटलं होतं. दु:खच वाटलं होतं, पण पटलं होतं.

२०१९ च्या नोव्हेंबरात आम्ही दोघं सिंगापूरला गेलो. पहिल्या शनिवारी सकाळी लेक म्हणाली, "आई, आज झू." मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, आजचा दिवस निभावून ने. पहाटे उठून दशम्या केल्या होत्या. सवय!

त्यांचं घर आंग मो किओ भागात, तिथून १३८ नंबरची बस थेट मंडाईला जाते. मंडाई म्हटल्यावर हे आपली महात्मा फुले मंडई समजले होते. भाजी कुठेच दिसेना तेव्हा उलगडा झाला. सेलेतार धरणाच्या पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर, दाट झाडीत, ते प्राणिसंग्रहालय आहे. २७ जून १९७३ ला ते उघडलं. आखणीच्या वेळी सल्लागार म्हणून श्रीलंकेतल्या देहिवला प्राणिसंग्रहालयाचे लिन डी आल्विस यांना बोलावलं होतं. म्हणजे "परदेशात बघा कसं असतं" म्हणताना आपण ज्याचं कौतुक करतो त्यात आपल्या शेजारच्या कोलंबोचीही अक्कल आहे, हे मला तिथे फार आवडलं.

आत गेल्यावर दहा पावलांत मी थांबले. गजच नाहीत! समोर हिरवं कुंपण, गुडघ्याएवढं, आणि पलीकडे पांढरा वाघ पाण्यात उतरतोय. माझ्या पोटात गोळा. हे मात्र पुढे वाकून खाली बघत होते. मला वाटलं वाघ बघतायत. हे खंदक बघत होते!

"अगं, इकडे ये. हा चर बघ. आपल्या बाजूने भिंत सरळ उभी, त्याच्या बाजूने उतार. मधे पाणी. त्याला उडी मारायची तर पळत यायला जागा पाहिजे ना, ती जागाच दिलेली नाही. काय डिझाइन केलंय!"

मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं, पण इतक्या कमी शब्दांत क्वचितच. ही कल्पना मूळची जर्मनीतली. कार्ल हागेनबेक यांनी हॅम्बुर्गजवळ १९०७ मध्ये गजांशिवायचं प्राणिसंग्रहालय काढलं, आणि त्यासाठी कोणता प्राणी किती लांब, किती उंच उडी मारतो ते आधी प्रत्यक्ष तपासलं. हे मला घरी परतल्यावर वाचून कळलं. ह्यांना वाचावं लागलं नाही.

आणि मग पुढचे सहा तास. सहा! आमची लेक आणि जावई कसे बघतात ते मी पाहत होते. ती दोघं सगळं बघतच नाहीत. एक-दोन ठिकाणं ठरवतात आणि तिथे बसतात. त्या दिवशी बबून माकडांचा डोंगर होता, इथियोपियातला देखावा केलेला. नर रुपेरी आयाळीचे, माद्या आणि पिल्लं त्यांच्या मागेमागे. आम्ही बाकावर बसलो. पहिली दहा मिनिटं मला नुसती माकडं दिसत होती. मग हळूहळू माणसं दिसायला लागली. एक नर आपल्या घोळक्यातल्या मादीला लांब जाऊ देत नव्हता. एक तरुण नर लांबून सगळं बघत बसला होता, त्याच्याकडे कोणी लक्ष देत नव्हतं. जावई म्हणाले, "आई, तो मागच्या वेळी त्या वरच्या खडकावर होता. खाली आलाय, म्हणजे काहीतरी बदललंय." मालिका बघावी तशी ती दोघं ती टोळी बघत होती, आणि मागचे भाग त्यांना पाठ होते.

दोघांत बोलणं फार नाही. मधूनच लेक "बघ बघ" म्हणायची, जावई "हं" म्हणायचे. मुलांचे तांडे येत होते, आरडाओरडा करत होते, पुढे जात होते. माझी नजर लेकीकडे. ती त्या मुलांकडे बघते का? नाही. ती बबूनकडे बघत होती. मुलं मी बघत होते.

तेव्हा मला कळलं की फोन ठेवल्यावर मी ज्यासाठी आवंढा गिळत होते ते त्या बाकावर नव्हतंच. ते चिंचवडला माझ्या घरात होतं.

दुपारी पाऊस आला. सिंगापूरचा पाऊस म्हणजे आपल्याकडच्या वळवासारखा, पण रोजचा. आम्ही ओरांगउटानच्या जवळ एका छपराखाली उभे राहिलो. तिथे ओरांगउटान वाटेवरच्या झाडांतून, दोरांवरून मोकळे फिरतात. एका मादीने कुठून तरी एक गोणपाट ओढलं आणि डोक्यावर धरून बसली. अगदी आपली शेतावरची बाई इरलं घेऊन बसते तशी. पिल्लू पोटाशी. ती आमच्याकडे बघत होती, आम्ही तिच्याकडे. पाऊस थांबायची वाट दोघी बघत होतो.

तिथे हे अचानक म्हणाले, "माझ्याकडे मुंगूस होतं लहानपणी."

"काय?"

"गावाला. शेतात सापडलं होतं, एवढंसं. सदऱ्याच्या आत झोपायचं. वडील म्हणाले सोड, म्हणून ओढ्याकाठी सोडलं. तीन दिवस जाऊन हाका मारत होतो."

लग्नाला आमच्या तेव्हा ४४ वर्षं झाली होती. मला हे पहिल्यांदाच कळत होतं. मी विचारलं, इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत? तर म्हणाले, "विषय कुठे निघाला?"

खरंच, कुठे निघाला असता? गॅसच्या नंबरात?

त्या दिवशी दशम्या तशाच परत आल्या. माकडं मोकळी असतात म्हणून खाणं उघडायचं नाही, असं लेकीने बजावलं होतं. घरी आल्यावर चौघांनी दह्याबरोबर खाल्ल्या.

आता माझं म्हणणं सांगते, आणि त्यावर येणारे आक्षेपही माहीत आहेत.

माझं म्हणणं असं की प्राणिसंग्रहालय लहान मुलांचं असतं ही समजूत चुकीची आहे. लहान मुलं तिथे जरूर जावीत, पण बघण्याचा धीर मोठ्यांकडे असतो, आणि म्हाताऱ्यांकडे सगळ्यांत जास्त. मूल एका पिंजऱ्यापुढे दोन मिनिटं टिकतं. प्राणी दिवसातला बराच वेळ काहीही करत नाही, आणि "काही न करणाऱ्या"कडे बघत बसणं हे पासष्टीनंतरच नीट जमतं. आपणही तेच करत असतो! मूल हे प्राणिसंग्रहालयाचं तिकीट नाही. ज्यांची नातवंडं लांब आहेत, ज्यांना नाहीतच, त्यांनी स्वतःसाठी जावं.

माझा भाचा म्हणतो, "मावशी, तुरुंग बघायला कसली मजा?" तो हुशार आहे आणि त्याचं पूर्ण चुकत नाही. पेशवे पार्कचे पिंजरे आठवले की मलाच आता लाज वाटते. सिंगापूरचंच उदाहरण घ्या. तिथे इनुका नावाचं ध्रुवीय अस्वल होतं, २६ डिसेंबर १९९० ला तिथेच जन्मलेलं. उष्ण कटिबंधात जन्मलेलं पहिलं ध्रुवीय अस्वल म्हणून त्याचं केवढं कौतुक! त्याने जन्मात समुद्रावरचा बर्फ पाहिला नाही. म्हातारपणी सांधे गेले, आणि २५ एप्रिल २०१८ ला, २७ व्या वर्षी, त्याला वेदनांतून सोडवलं. आमची दोघं त्याला बघायला जायची. लेक म्हणते, "आई, तो पोहायला लागला की छान वाटायचं आणि बाहेर आला की वाईट." आता ध्रुवीय अस्वलं आणायची नाहीत, असं तिथल्या लोकांनी त्याच्या जिवंतपणीच ठरवलं होतं. आपल्याकडेही केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ पासून आहे, आणि त्याने २००९ मध्ये सांगितलं की हत्ती प्राणिसंग्रहालयांत ठेवू नयेत, त्यांना मोकळ्या जागेत, वनखात्याच्या छावण्यांत हलवावं. मला ते योग्य वाटतं. चाळीस-पन्नास किलोमीटर चालणाऱ्या जिवाला आपण किती चालायला देणार?

पण भाच्याला मी दुसरी बाजूही सांगते. तिथल्या आह मेंग नावाच्या ओरांगउटान मादीचा पुतळा आम्ही पाहिला. कोणीतरी तिला घरात बेकायदा पाळलं होतं, १९७१ मध्ये तिला सोडवलं. माणसांत वाढलेल्या तिला जंगलात सोडून काय उपयोग होता? २००८ मध्ये ती गेली तोवर देशभराची लाडकी झाली होती. आणि लांब कशाला, २०२२ च्या मार्चमध्ये आपल्या चाकणला मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात बिबट्या शिरला होता, काही तास काम थांबलं. त्याला बेशुद्ध करून सुखरूप नेलं. हे टीव्हीवर ते बघून म्हणाले, "हा कुठल्या शिफ्टचा?" हसलो खरं, पण तो आला कुठून? डोंगर आणि ऊस यांच्या मधली जागा आपणच गिळली. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, तिथे परत जंगलात जाऊच न शकणारे किती तरी बिबटे आहेत. त्यांना ठेवणारी जागा म्हणजे तुरुंगच का? भाचा इथे गप्प बसतो. तेवढ्यापुरता.

सिंगापूरहून आलो आणि लगेच कोविड. सगळंच बंद. उघडल्यावर ह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन. कात्रजचं ठरवत ठरवत शेवटी मागच्या वर्षी जानेवारीत गेलो. दोघंच. वार मुद्दाम गुरुवार धरला! आता पीसीएमसी स्टेशनवरून मेट्रो थेट स्वारगेटला जाते, २०२४ च्या सप्टेंबरपासून. स्वारगेटहून कात्रजची बस. पूर्वी सहलीला निघालो की अर्धी मुलं दापोडीपर्यंतच ओकायची, त्या मानाने स्वर्गच.

राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १९९९ मध्ये सुरू झालं, १३० एकरांत, मधे मोठं तळं. त्याच्या आधीपासून, म्हणजे १९८६ पासून, तिथे नीलिमकुमार खैरे यांनी उभं केलेलं सर्पोद्यान आहे. हे खैरे म्हणजे १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत बसलेले गृहस्थ! आमच्या शाळेत तेव्हा दुसरा विषय नव्हता. त्यांच्यामुळे साप दिसला की काठी न शोधता फोन शोधायचा, हे पुणेकरांच्या एका पिढीला कळलं.

आम्ही सिंगापूरची पद्धत ठेवली. सगळं बघायचं नाही. गव्याजवळ अर्धा तास, शेकरूजवळ अर्धा तास, आणि मग अस्वल. शेकरू आपला राज्यप्राणी, पाठ्यपुस्तकात मी दरवर्षी शिकवला, रिकामी जागा भरा म्हणून. शेपूट इतकी लांब असते हे मला माहीत नव्हतं, हो! ह्यांच्या गुडघ्यासाठी परतीला बॅटरीवरची गाडी घेतली.

तुलना करणार नाही म्हटलं तरी होतेच. खंदक आपल्याकडेही आहेत, झाडी चांगली वाढली आहे, जागाही हवेशीर. कमी पडतो तो बघणारा. मोठी माणसं वाघाला "ए, इकडे बघ" म्हणून हाका मारत होती. झोपलेल्या वाघाला! काचेवर टकटक करणारे बाप होते, पोरं नव्हती. वाघाकडे पाठ करून फोटो काढायचा आणि पुढच्या वाघाकडे जायचं. त्याला हाकलून देता येत नाही, पण तो कोणाला बघायला आला होता, हा प्रश्न पडतो.

अस्वलापाशी शाळेची सहल आली. दोन-दोनच्या रांगा, निळे शर्ट. बरोबर एक तरुण बाई, ओढणी कमरेला खोचलेली, बोट हवेत. बावीस, चोवीस, सव्वीस... अस्वल तिच्या पाठीमागे सहा हातांवर उभं राहून झाडाला पाठ घासत होतं आणि ती बिचारी मुलांची डोकी मोजत होती.

मला राहवलं नाही. तिच्याजवळ गेले, म्हटलं, "बाई, मी रिटायर्ड शिक्षिका आहे. पाच मिनिटं मी मोजते. तू मागे वळून बघ."

ती आधी दचकली. मग वळली. आणि मुलांपेक्षा मोठ्याने "अय्या!" म्हणाली.

मुलं अठ्ठेचाळीस होती. ह्यांनी पुन्हा मोजली, कारण माझ्या मोजणीवर त्यांचा विश्वास नाही.

तर संघाचं. बैठकीनंतर मी एकेकाला गाठून बोलले. भीमाशंकर होईलच, पण त्याच्या आधीच्या गुरुवारी कात्रज, ज्यांना यायचं त्यांनी यावं. आत्तापर्यंत तीन जोडपी तयार आहेत. न्यू जर्सीवाले गृहस्थ "बघू" म्हणालेत, म्हणजे येतील. शेजारच्या इमारतीतल्या एक मैत्रीण आहेत, त्यांचे यजमान गेल्याला दोन वर्षं झाली. त्या फोनवर म्हणाल्या, "तू 'दोघांनी जावं' असं सांगत सुटली आहेस. मी एकटी आले तर चालेल ना?" मला चटका बसला. माझ्याच बोलण्यात मी मुलांच्या तिकिटाऐवजी नवऱ्याचं तिकीट ठेवलं होतं. त्यांना म्हटलं, अस्वलाजवळ माझ्या शेजारी बसा, हे तसेही खंदक मोजत फिरतात.

सकाळी आठला पीसीएमसी मेट्रो स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी जमायचं आहे. बुधवारी कात्रज बंद असतं, त्यामुळे वार चुकवू नका. पाण्याची बाटली आणि टोपी आणावी. डबा मी आणणार नाही, कोणीच आणू नका, बाहेर खाऊ.

आणि ज्यांची नातवंडं इथेच आहेत त्यांनी त्या दिवशी ती घरी ठेवून यावं.